स्क्रीनवर बोलतंय कोण? एका वाचनालयाच्या कोहा सर्व्हरचं प्रकरण

इंदूरमधल्या एका जुन्या मराठी वाचनालयाने आपला कोहा सर्व्हर नव्या मशीनवर हलवला, त्याचं हे प्रकरण. वाचनालयाचं नाव लिहीत नाही. राजवाड्यापासून चालत जाता येतं, एवढं पुरे. संध्याकाळी तीन तास उघडं असतं. पुस्तकं मराठी, बऱ्यापैकी हिंदी, थोडी इंग्रजी. संगणकाचं काम एका सभासदाचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा हौसेने बघतो आणि अडलं की मला फोन करतो.

कोहा म्हणजे वाचनालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर. २००० साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयात ते पहिल्यांदा सुरू झालं. लिहिलंय पर्लमध्ये. ते एकटं कधीच चालत नाही. दारात ब्राउझरला पानं देणारा वेब सर्व्हर अपाचे, त्याच्यामागे कोहाचे पर्ल प्रोग्रॅम चालवणारा प्लॅक, खाली डेटाबेस सांभाळणारा मारियाडीबी आणि पुस्तकं शोधायला झेब्रा. वरचेवर लागणारी माहिती मेमरीत धरून ठेवणारा मेमकॅशडीही असतो, पण या प्रकरणात त्याने काही त्रास दिला नाही.

जुन्या मशीनवर डेबियन लिनक्सची ११वी आवृत्ती होती, नव्यावर डेबियन १२ टाकलं. म्हणजे मारियाडीबी १०.५ वरून १०.११ वर गेला. पॅकेजं मुलाने स्वतः बसवली. त्यानंतर चार वेगवेगळ्या ठिकाणी गाडं अडलं आणि चारही वेळा फोनवर वाक्य एकच, "दादा, तोच प्रॉब्लेम आहे, कोहा चालत नाहीये." प्रॉब्लेम एकदाही तोच नव्हता. असा फोन आला की मी आधी एवढंच शोधतो, की समोर दिसणारा मजकूर या मंडळींपैकी नेमका कोणी लिहिलाय. ते कळलं की कुठला लॉग, म्हणजे कोणाची नोंदवही, उघडायचा ते ठरून जातं. नाहीतर माणूस सगळे लॉग जिथे साठतात त्या /व्हार/लॉग मध्ये शिरतो आणि तासाभराने थकून बाहेर येतो.

अपाचेचं पान, पण अपाचे बंद

पहिल्या वेळी ब्राउझरमध्ये डेबियनचं ते ओळखीचं पान दिसत होतं, 'अपाचे२ डेबियन डिफॉल्ट पेज', वर ठळक 'इट वर्क्स'. मुलाने निष्कर्ष काढला की अपाचे ठणठणीत आहे, व्हर्च्युअल होस्टमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठली साइट दाखवायची त्या मांडणीत, काहीतरी चुकलंय. त्याने कोहाची साइट फाइल पुन्हा पुन्हा तपासली. तिच्यात काहीच चूक नव्हती.

मी त्याला 'कर्ल -आय' लावायला सांगितलं. ही कमांड पान दाखवत नाही, फक्त उत्तराच्या वरच्या ओळी दाखवते. तिथे लिहिलं होतं, 'सर्व्हर: एन्जिनएक्स/१.२२.१'. एन्जिनएक्स हा अपाचेसारखाच दुसरा वेब सर्व्हर. पान अपाचेचं, देणारा एन्जिनएक्स! कारण डेबियनमध्ये दोघांचं मूळ घर एकच, /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल. अपाचे बसवताना त्याने आपलं इंडेक्स पान तिथे ठेवलं, आणि एन्जिनएक्स इमानेइतबारे तेच पान वाढत होता. कुठलासा व्हिडिओ बघून मुलाने आधी त्याच मशीनवर एन्जिनएक्स बसवून पाहिला होता आणि विसरून गेला होता.

मग अपाचे कुठे होता? 'सिस्टिमसीटीएल स्टेटस अपाचे२' म्हणाला, फेल्ड. सिस्टिमचा लॉग दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल -यू अपाचे२ -बी' मध्ये ओळी अशा होत्या. पहिल्या दोन: '९८, ॲड्रेस ऑलरेडी इन यूज, एएच०००७२, कुड नॉट बाइंड टू ॲड्रेस', शेवटी पोर्ट ८०. तिसरी: 'नो लिसनिंग सॉकेट्स अव्हेलेबल, शटिंग डाउन'. चौथी: 'एएच०००१५, अनेबल टू ओपन लॉग्ज'.

ही चौथी ओळ घातकी आहे. ती सगळ्यात शेवटी येते म्हणून तीच डोळ्यात भरते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की लॉग फाइलच्या परवानगीची भानगड आहे. इथेही तसंच झालं. फोन करण्याआधीच मुलाने अख्ख्या /व्हार/लॉग वर 'सीएचमॉड -आर ७७७' मारून टाकलं होतं, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क. लॉगचा दोष नव्हताच. पोर्ट ८०, म्हणजे वेब सर्व्हरचा ठरलेला दरवाजा, आधीच एन्जिनएक्सकडे होतं. अपाचे सुरू होताना पोर्ट धरणं आणि लॉग उघडणं ही कामं एकाच टप्प्यात करतो. पोर्ट मिळालं नाही की तो टप्पाच कोसळतो आणि सगळ्याचा शेवट त्या 'अनेबल टू ओपन लॉग्ज'ने होतो. म्हणून अशा ओळी वरून खाली वाचायच्या. खरं कारण जवळजवळ नेहमी वरच्या ओळीत असतं, खाली त्याचे परिणाम.

कुठलं पोर्ट कोणाकडे आहे ते सांगणाऱ्या 'एसएस -एलटीएनपी' ने पोर्ट ८० समोर एन्जिनएक्सचं नाव दाखवलं. 'सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ एन्जिनएक्स', मग अपाचे सुरू, आणि काम झालं. ७७७ चं निस्तरायला मात्र त्याहून जास्त वेळ गेला. डिरेक्टरी सगळ्यांना लिहिण्यासाठी उघडी असेल तर जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणारा लॉगरोटेट 'इनसिक्युअर परमिशन्स' म्हणतो आणि ती सोडून देतो. मग लॉग फिरत नाहीत, वाढत राहतात आणि काही महिन्यांनी डिस्क भरते. तेव्हा कोणालाही आजचं ७७७ आठवणार नाही. सुदैवाने जुनं मशीन अजून चालू होतं. तिथे 'स्टॅट' लावून एकेका डिरेक्टरीचा मालक आणि हक्क पाहिले आणि इकडे तसेच केले.

५०३

हे प्रकरण लहान आहे. अपाचे आला, आणि आता पडद्यावर '५०३ सर्व्हिस अनअव्हेलेबल'. हे वाक्य अपाचेचं स्वतःचं. त्याचा अर्थ, मी आहे, पण ज्याच्याकडे तुमचं काम पाठवायचं तो सापडत नाही. अपाचे आणि प्लॅक एकमेकांशी ज्यातून बोलतात ती एक सॉकेट फाइल असते, /व्हार/रन/कोहा मध्ये, त्या त्या इन्स्टन्सच्या, म्हणजे कोहाच्या त्या मांडणीच्या, नावाखाली, प्लॅक.सॉक नावाची. अपाचेच्या एरर लॉगमध्ये 'एएच०२४५४' क्रमांकाची ओळ होती, युनिक्स डोमेन सॉकेटशी जोडणी झाली नाही म्हणून, आणि ओळीच्या सुरुवातीला आकडा २.

त्या आकड्याकडे लोक बघत नाहीत. वास्तविक अर्धं निदान तिथेच असतं. २ म्हणजे अशी फाइलच नाही. प्लॅक सुरूच झालेला नाही. १११ असता तर फाइल आहे पण पलीकडे ऐकायला कोणी नाही; म्हणजे प्लॅक सुरू होऊन मेला. १३ असता तर फाइल आहे, पण अपाचेला हात लावायची परवानगी नाही. वर आलेला ९८ याच बिरादरीतला. हे लिनक्सच्या कर्नेलचे, म्हणजे गाभ्याचे, एरर क्रमांक आहेत, त्यामुळे अपाचे असो, मारियाडीबी असो, अर्थ बदलत नाही. डिस्क भरल्यावर मारियाडीबी २८ म्हणतो, तोही यातलाच. आठवत नसेल तर मारियाडीबीसोबत येणारी 'पीएरर' कमांड आकडा घेऊन अर्थ सांगते.

इथे २ होता. मुलाने 'कोहा-प्लॅक --एनेबल' केलं होतं, '--स्टार्ट' केलं नव्हतं. एनेबलने फक्त अपाचेच्या मांडणीत प्लॅकचा रस्ता उघडतो. स्टार्ट केलं आणि कोहा उघडलं.

रात्री चालत होतं, दुसऱ्या दिवशी नाही

तिसरं प्रकरण खरं खोल होतं. त्या संध्याकाळी मुलाने जुन्या मशीनवरचा बॅकअप नव्या मारियाडीबीत ओतला, टेबलांची रचना नव्या आवृत्तीला जुळवणारं 'कोहा-अपग्रेड-स्कीमा' चालवलं, सगळं उघडून पाहिलं. ग्रंथपाल ताईंनी पुस्तकं दिली, घेतली, नोंदी झाल्या. दुसऱ्या दिवशी फोन, "दादा, काहीही हात लावला नाही, तरी तोच एरर."

पडद्यावर होता ५००, 'इंटर्नल सर्व्हर एरर'. ५०३ आणि ५०० यांत तीनचाच फरक दिसतो, पण या मांडणीत ५०३ म्हणजे अपाचे दारातूनच परत पाठवतोय, तर ५०० म्हणजे विनंती बहुतेक आत पोचली आणि आतल्या प्रोग्रॅमने हात टेकले. म्हणून आता अपाचेचा लॉग सोडून थेट /व्हार/लॉग/कोहा मधला प्लॅक-एरर.लॉग.

इथे माझी एक पद्धत आहे. 'टाइमडेटसीटीएल' लावून आधी घड्याळ आणि टाइमझोन बघतो, कारण मशीन यूटीसीवर असेल तर लॉगमधली पहाटेची चारची ओळ आपल्या साडेनऊची असते. मग दोन टर्मिनल उघडतो. एकात प्लॅकच्या लॉगवर 'टेल -एफ', म्हणजे नवी ओळ पडली की लगेच दिसते, दुसऱ्यात 'जर्नलसीटीएल -एफ -यू मारियाडीबी'. दोन्हीकडे चार-पाचदा एंटर दाबून मोकळी जागा करतो आणि ब्राउझरमध्ये फक्त एकदा क्लिक करतो. त्या मोकळ्या जागेखाली जे उमटतं, ते त्या क्लिकचं. मुलाला फोनवर हे करायला सांगितलं, तर त्याने सवयीने रिफ्रेशचा सपाटा लावला. शेकडो ओळी धावल्या. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या वेळी एकाच सेकंदाला दोन्हीकडे ओळ उमटली. प्लॅककडे डेटाबेसची जोडणी फसल्याची, आणि मारियाडीबीकडे वॉर्निंग, 'ॲक्सेस डिनाइड फॉर यूजर कोहा_लायब्ररी ॲट लोकलहोस्ट, यूजिंग पासवर्ड: येस'. दोन साक्षीदार, एकच वेळ, एकच घटना. शेवटचे तीन शब्द मोलाचे. 'नो' असतं तर कोहाने पासवर्ड पाठवलाच नाही असा अर्थ. 'येस' म्हणजे पाठवला, पण चुकीचा. शिवाय डेटाबेस जिवंत आहे हेही त्यातून कळलं, कारण मेलेला डेटाबेस नकारसुद्धा देत नाही. तेव्हा एरर २००२ येतो.

मुलाचं लक्ष मात्र भलतीकडे होतं. मारियाडीबीच्या जर्नलमध्ये थोडं वर त्याला 'स्टार्टिंग क्रॅश रिकव्हरी' असं दिसलं होतं. "दादा, डेटाबेस करप्ट झाला. बॅकअप परत ओतू का?" मी म्हटलं, "भिया, थांब. काहीही ओतू नकोस." ओतला असता तर पासवर्डचा प्रश्न तसाच राहिला असता आणि आदल्या संध्याकाळच्या सगळ्या देवघेवीच्या नोंदी मात्र गेल्या असत्या. क्रॅश रिकव्हरी म्हणजे इनोडीबीने, मारियाडीबीच्या डेटा साठवणाऱ्या भागाने, अचानक वीज गेल्यानंतर स्वतःला सावरलं, एवढंच. पुढच्या ओळींत ते व्यवस्थित पूर्ण झालेलं होतं.

पण त्या ओळीने एक नवा धागा दिला. मशीन अचानक बंद का झालं? मशीन कधी सुरू झालं, कधी बंद, ते दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' मध्ये रात्री आठनंतर जुनं बूट संपलेलं, दुपारी नवं सुरू. 'लास्ट -एक्स' मध्ये त्याच जागी 'क्रॅश'. सचिव काकांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "अहो, कुलूप लावताना आम्ही मेन स्विच बंद करतो. इतकी वर्षं करतोय. शॉर्टसर्किट झालं तर पुस्तकं राहतील का?" बिनतोड मुद्दा.

म्हणजे आदली रात्र आणि दुसरा दिवस यांच्यामध्ये घडलेली एकमेव गोष्ट, रीस्टार्ट. आता प्रश्न असा, की रीस्टार्टने पासवर्ड कसा बदलेल? रूटची, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याची, आधी दिलेल्या कमांडची यादी उघडली, तिथे उत्तर होतं. जुन्या मशीनवर डम्प, म्हणजे तो बॅकअप, घेताना '--ऑल-डेटाबेसेस' लावलं होतं.

यात काय होतं ते सांगतो, कारण हा सापळा कोहापुरता नाही. 'कोहा-क्रिएट' नवं इन्स्टन्स बनवताना डेटाबेसच्या यूजरसाठी नवा पासवर्ड स्वतः तयार करतो, एकीकडे मारियाडीबीत नोंदवतो आणि दुसरीकडे कोहा-कॉन्फ.एक्सएमएल मध्ये लिहितो. ऑल-डेटाबेसेसच्या डम्पमध्ये पुस्तकांच्या टेबलांबरोबर मारियाडीबीची स्वतःची 'मायएसक्यूएल' डेटाबेसही येते, म्हणजे यूजर आणि पासवर्डची टेबलं. ती ओतल्यावर टेबलात जुना पासवर्ड आला, कोहाच्या फाइलीत नवाच राहिला. तरीही संध्याकाळभर सुरळीत चाललं, कारण मारियाडीबी हक्कांची यादी सुरू होताना मेमरीत वाचून ठेवतो आणि त्यावरच चालतो. टेबल परस्पर बदललं तरी 'फ्लश प्रिव्हिलेजेस' म्हणेपर्यंत किंवा रीस्टार्ट होईपर्यंत त्याला पत्ता नसतो. काकांनी मेन स्विच बंद केला आणि दुपारी मारियाडीबीने यादी नव्याने वाचली. ती जुनी होती.

खात्री करून घेतली. कोहा-कॉन्फमधला पासवर्ड घेऊन त्याच यूजरने हाताने लॉगिन केलं, नकार. जुन्या मशीनच्या फाइलीतला घेतला, लगेच आत. मग रूटने 'ऑल्टर यूजर' चालवून फाइलीतला पासवर्ड मारियाडीबीत लावला आणि प्लॅक रीस्टार्ट केला. उपाय एका ओळीचा होता. त्या ओळीपर्यंतचा रस्ता लांब.

पुढच्यासाठी मुलाला सांगितलं की कोहासोबत 'कोहा-डम्प' आणि 'कोहा-रिस्टोअर' येतात, ते एका इन्स्टन्सपुरतंच काम करतात. रोजचा बॅकअपही कोहा आपणहून /व्हार/स्पूल/कोहा मध्ये ठेवतो. ऑल-डेटाबेसेस हा शब्द जरा जास्तच आश्वासक वाटतो, म्हणून लोक तो वापरतात. काकांची सवय मोडायच्या भानगडीत मी पडलो नाही. ताई आता निघण्याआधी मशीनचं पॉवर बटण एकदा दाबतात. डेबियन त्यावर नीट बंद होतं, लॉगिनची गरज नाही. मिनिटभराने काका स्विच बंद करतात.

काहीच न बोलणारा बिघाड

चौथ्या वेळी एररच नव्हता. कोहा उघडतं, पुस्तकं दिसतात, पण शोधात 'कादंबरी' टाकलं की शून्य निकाल. आयएसबीएन टाकला तर पुस्तक सापडतं. इंग्रजी नाव टाकलं तरी सापडतं. लॉग सगळे शांत. साहजिकच आहे, झेब्राच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नव्हतं. विचारलं, नाही सापडलं, सांगितलं नाही म्हणून.

अशा वेळी लॉग वाचत बसण्यात अर्थ नसतो, थेट त्यालाच विचारावं लागतं. 'याझ-क्लायंट' ने झेब्राच्या सॉकेटला जोडून 'स्कॅन' दिलं. स्कॅन अनुक्रमणिकेत प्रत्यक्ष कुठले शब्द आहेत ते दाखवतो. इंग्रजी शब्द होते, आकडे होते, देवनागरी नीट एकही नाही. मग 'डिफ -आर' लावून दोन्ही मशीनवरच्या /ईटीसी/कोहा ताडून पाहिल्या. जुन्यावर झेब्राच्या डिफॉल्ट.आयडीएक्स या मांडणीच्या फाइलीत 'आयसीयूचेन' होतं, नव्यावर पॅकेजने आणलेलं मूळ 'चारमॅप'. चारमॅप ही अक्षरांची ठरावीक यादी, मुख्यतः लॅटिनचा विचार करून केलेली. देवनागरीसाठी युनिकोडची आयसीयू साखळी, म्हणजे अक्षरं आणि शब्द ओळखण्याच्या नियमांची मालिका, हवी. कोणीतरी पूर्वी जुन्या मशीनवर ते बदलून ठेवलं होतं आणि कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

जुन्या आयसीयू फाइली जशाच्या तशा आणल्या, 'कोहा-झेब्रा --रीस्टार्ट', मग 'कोहा-रीबिल्ड-झेब्रा -एफ -व्ही'. एफ विसरलं तर जुनी अनुक्रमणिका तशीच राहते आणि माणूस पुन्हा बुचकळ्यात पडतो. फाइली जुन्याच आणल्या यालाही कारण आहे. इंटरनेटवर फिरणाऱ्या काही आयसीयू साखळ्यांत 'नॉनस्पेसिंग मार्क काढून टाका' असा नियम असतो, म्हणजे स्वतंत्र जागा न घेणारी, अक्षराला चिकटलेली खूण गाळायची. युरोपीय भाषांत त्याने अक्षरांवरच्या खुणा जातात आणि शोध सोपा होतो. देवनागरीत उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलंत हे युनिकोडच्या हिशेबात नॉनस्पेसिंग मार्कच आहेत. तो नियम लागला की 'कुळ' आणि 'केळ' दोन्ही 'कळ' होऊन बसतात. काना आणि वेलांटी मात्र वाचतात, त्यामुळे अर्धा शोध बरोबर येतो, आणि असा बिघाड पकडणं फार अवघड जातं.

रीबिल्डनंतर 'कादंबरी' सापडली. ताईंनी मग एक जुनं दुखणं काढलं. 'खऱ्या' किंवा 'दुसऱ्या' असे शब्द नावात असलेली काही पुस्तकं नव्या मशीनवर काय, जुन्यावरही सापडत नव्हती. 'हेक्सडम्प' ने दोन नोंदी बाइटपर्यंत उघडल्या. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, बाइट बी१ वर संपणारा. दुसरीत साधा र, बी० वर संपणारा, मग हलंत आणि मागे झेडडब्ल्यूजे, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. कोणी कुठल्या कीबोर्डने नोंद केली त्यावर सगळं अवलंबून. आयसीयू साखळीत 'ट्रान्सलिटरेट'चा एक नियम घातला, की र, हलंत आणि जोडक दिसले की त्यांना ऱ आणि हलंत समजावं. हा नियम नोंदींना आणि शोधणाऱ्याच्या शब्दांना दोन्हीकडे लागतो, त्यामुळे नोंदी बदलाव्या लागल्या नाहीत. पुन्हा पूर्ण रीबिल्ड.

'इंदूर', 'इंदौर' आणि 'इंदोर' यांचा घोळ मात्र तसाच ठेवला. त्यात यंत्राने काही ठरवू नये असं माझं मत पडलं. आता ताई नोंद करताना विषयाच्या रकान्यात तिन्ही रूपं घालतात.